मीटरच्या पेटीचं माप पेटीपासून सुरू होत नाही

पत्र थोडक्यात : सांगलीतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचं हे पत्र आहे. जुनी इमारत पाडून संस्था स्वयंपुनर्विकास करते आहे. नव्या इमारतीत खाली पार्किंग, वर सहा मजले, २४ सदनिका आणि दोन लिफ्ट आहेत. आर्किटेक्टने जिन्याखाली सहा बाय पाच फुटांची मीटर रूम दाखवली आहे. पॅनेल बनवणाऱ्याने सहा फूट रुंद आणि चार फूट उंच अशा ‘एमएसईबी अप्रूव्ड’ पॅनेलचं कोटेशन दिलं असून त्यात २७ मीटर बसतील असं त्याचं म्हणणं आहे. वायरिंगचा ठेकेदार म्हणतो, याच्या दुप्पट लागेल. एक निवृत्त सभासद १९५६ च्या नियमांची झेरॉक्स घेऊन सभेत येतात, दुसरे राष्ट्रीय इमारत संहितेचा हवाला देतात, तिसऱ्यांच्या मते महावितरण सांगेल तोच नियम. ‘आपली काही टॉवर नाही, एवढं कशाला?’ असंही एक मत आहे. २०१९ च्या पुरात जुन्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं. सचिवांचा प्रश्न असा : पॅनेलचं बरोबर माप किती, नेमका कुठला नियम लागू होतो आणि ऐकायचं कुणाचं?

---

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं एकाच कागदावर कुठेतरी छापलेली असतील, असं तुम्ही धरून चालला आहात. तसा कागद नाही. ‘२४ फ्लॅटना एवढ्या सेंटिमीटरची पेटी’ असं सांगणारा नियम मला आजवर कुठे सापडलेला नाही. कायदा पेटीचं माप सांगत बसत नाही. पेटीसमोर माणसाला उभं राहायला किती जागा हवी, बटण किती उंचीवर हवं, सील कुणी ठोकायचं, तारा कुठून न्यायच्या, हे तो सांगतो. एवढ्या गोष्टी पाळल्या की माप आपोआप ठरतं. तुमच्याकडे काम उलट्या दिशेने सुरू झालंय : आधी जिन्याखालची उरलेली जागा, मग तीत मावेल असं पॅनेल आणि शेवटी त्याला शोभेल असा नियम.

नियमांची भांडणं आधी मिटवू. तुमचे तिन्ही सभासद थोडेथोडे बरोबर आहेत.

सगळ्यात वर विद्युत अधिनियम, २००३. मीटरशिवाय वीज द्यायची नाही, हे त्याचं कलम ५५ सांगतं. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे दोन विनियम आहेत : मीटर बसवण्याबाबतचे २००६ चे (त्यांत नंतर दुरुस्त्या झाल्या) आणि सुरक्षेबाबतचे २०२३ चे. झेरॉक्सवाल्या काकांचे १९५६ चे नियम २०१० मध्ये नव्या विनियमांनी बाजूला सारले आणि २०१० च्या विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. गंमत अशी की पॅनेलसमोर किती जागा सोडायची याचे आकडे जवळजवळ तेच राहिले. त्यामुळे काकांची झेरॉक्स टाकून देऊ नका, फक्त अर्जात तिचा उल्लेख करू नका. त्यानंतर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची २०२१ ची पुरवठा संहिता. महावितरण आणि तुम्ही यांच्यात कुणी काय करायचं, हे तिथे ठरतं. महावितरणची परिपत्रकं या सगळ्याच्या खाली येतात. ती आयोगाच्या संहितेविरुद्ध जाऊ शकत नाहीत, पण सील कसं हवं, खिडकी कशी हवी, मंजूर भार चटईक्षेत्रावरून कसा काढायचा, हे तपशील तिथेच मिळतात. म्हणून ‘महावितरण सांगेल तोच नियम’ हे अर्धंच खरं.

इमारत संहितेचं काय? राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ही मुळात शिफारस आहे. पण आगीच्या बाबतीत आपल्या राज्याचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आणि महापालिकेची बांधकाम परवानगी यांच्या वाटेने ती तुमच्या दारात येतेच. जिन्यात गॅसचे पाइप आणि विजेची पॅनेलं नकोत, असं ती स्पष्ट सांगते. मीटर रूम पेटली तर धूर वर चढतो तो जिन्यातूनच, आणि लोक खाली उतरतात तेही त्याच जिन्याने. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मीटर जिन्याखालीच आहेत, म्हणून आर्किटेक्टचा हात सवयीने तिथे गेला असेल. तुमचं बांधकाम अजून कागदावर आहे. ती खोली तिथून हलवा, या एका मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही.

आता ‘आपली काही टॉवर नाही’ या म्हणण्याबद्दल. सुरक्षा विनियमांत टॉवर असा प्रकार नाही, तिथे १५ मीटर ही रेघ आहे. पार्किंगचे पावणेतीन मीटर आणि प्रत्येकी २.९ मीटरचे सहा मजले धरले तर तुमची इमारत वीस मीटरच्या आसपास जाते. म्हणजे बहुमजली इमारतींच्या तरतुदी तुम्हाला लागू आहेत. वीजपुरवठा सुरू करण्यासाठी अर्ज करण्याआधी विद्युत निरीक्षकांना किमान तीस दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. वीज जिथून इमारतीत शिरते तिथे संपूर्ण इमारत एका झटक्यात बंद करता येईल असं साधन, चटकन दिसेल अशा जागी, जमिनीपासून १.७० मीटरच्या वर जाणार नाही असं बसवावं लागतं. विजेच्या डक्टमधून पाण्याचे वा इतर पाइप न्यायचे नाहीत. प्रत्येक मजल्यावर डक्टला अग्निरोधक अडसर हवा आणि केबलही आगीत कमी धूर करणाऱ्या हव्यात. तीस दिवसांची मुदत विसरली की ताबा तयार पण दिवे नाहीत अशी पाळी येते, आणि सगळे सभासद तुमच्या दारात उभे राहतात.

आता पॅनेल.

तुमच्या पॅनेलवाल्याने खोटं काही सांगितलेलं नाही. सहा बाय चार फुटांच्या पत्र्यात, एका मीटरला वीस सेंटिमीटर रुंदी आणि चाळीस सेंटिमीटर उंची धरली तर नऊ उभ्या ओळी गुणिले तीन रांगा, सत्तावीस खाने बसतात. पण २७ खाने झाल्यावर त्या पत्र्यात दुसरं काहीही बसत नाही. मुख्य स्विच कुठे? बसबार, म्हणजे सगळ्या मीटरना वीज वाटणारी धातूची पट्टी, कुठे? खालून येणारी जाड केबल वळणार कुठे? लिफ्टचा आणि पंपाचा मीटर थ्री फेज, म्हणजे आकाराने मोठा, तो वीस सेंटिमीटरच्या खान्यात कसा जाणार? सोलर, इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग यांचा तर कोटेशनमध्ये उल्लेखच नाही. मीटर मोजले, पॅनेल मोजलंच नाही.

आधी भार काढा. जुन्या इमारतीत प्रत्येक घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॉट असेल. आज दोन एसी, एक गीझर, इंडक्शन, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एवढ्यावर दोन बेडरूमच्या घराचा जोडभार सहज नऊ-दहा किलोवॉटवर जातो. मंजुरीसाठी घरटी सहा किलोवॉट धरू. चोवीस घरांचे १४४ झाले. सगळी घरं एकाच क्षणी सगळं वापरत नाहीत, म्हणून याला वैविध्य गुणांक लावतात. निम्मा धरला तर ७२. दोन लिफ्ट, पंप आणि सामाईक दिवे मिळून २२. चार्जिंगला सुरुवातीला सहा जागा, प्रत्येकी ३.३ किलोवॉट, म्हणजे २०. बेरीज ११४ किलोवॉट. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.९५ धरला तर १२० केव्हीए, आणि ४१५ व्होल्टला सुमारे १६७ अँपिअर. वर पाव भाग राखीव ठेवला की २०९. म्हणजे मुख्य स्विच आणि बसबार २५० अँपिअरचे. कोटेशनमध्ये ‘१०० अँपिअर इनकमर’ (म्हणजे हाच मुख्य स्विच) लिहिलेलं असेल तर ते कुठल्या हिशेबाने आलं, हे लेखी मागा. बहुधा आधीच्या एखाद्या कामाच्या कोटेशनवरून उचललेलं निघेल.

निम्म्याचा गुणांक मी धरला, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो ज्या काळात रूढ झाला तेव्हा सकाळी गीझर आणि रात्री टीव्ही अशी घरांची दिनचर्या होती. मे महिन्यात रात्री अकराला तुमच्या इमारतीत सगळे एसी चालू असतील आणि नेमक्या त्याच वेळी गाड्या चार्जिंगला लागलेल्या असतील. घरांपुरता निम्मा ठीक आहे. चार्जिंगला मात्र गुणांक लावू नका. त्यापेक्षा एकूण मर्यादेत राहून आलटून पालटून वीज देणारी चार्जिंग यंत्रणा घ्या. गुणांकाशिवाय सरळ बेरीज केली तर २७२ अँपिअर होतात आणि पॅनेल ४०० च्या वर्गात जातं. तेवढ्याची गरज मला दिसत नाही. काही सभासद ‘मोठंच घ्या, एकदाच खर्च’ म्हणतील. ४०० चा स्विच २०० अँपिअरच्या केबलवर बसवला तर केबल जळेल पण स्विच पडणार नाही, हे त्यांना सांगा. स्विच, बसबार आणि केबल एकमेकांच्या मापाचे हवेत.

शॉर्टसर्किटचा प्रवाह किती येईल याचाही एक ओझरता हिशेब करा. जवळ २०० केव्हीएचं रोहित्र असेल तर तो सहा किलोअँपिअरच्या पुढेमागे येतो आणि १० किलोअँपिअरचे एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारे स्विच) पुरतात. ६३० केव्हीएचं असेल तर वीसच्या घरात जातो आणि मुख्य स्विच २५ किलोअँपिअरचा लागतो. रोहित्र किती केव्हीएचं असणार, हे महावितरणला आधी विचारा. तुमच्या भाराला ते आवारात रोहित्रासाठी जागाही मागू शकतात, आणि संहितेत त्याला आधार आहे. ती जागा बागेत काढायची की पार्किंगमध्ये, हे बाग लावण्याआधी ठरलेलं बरं.

आता खाने. महावितरण सिंगल फेज जोडणी साधारण ४० अँपिअरपर्यंत देतं, म्हणजे सुमारे नऊ किलोवॉट. तुमची घरं त्यात बसतात. एका सिंगल फेज मीटरला मी २२ सेंटिमीटर रुंदी आणि ४० सेंटिमीटर उंची धरतो. मीटर त्याहून लहान असतो, पण त्याच खान्यात तारेला वळण आणि माणसाचा पेचकसधारी हात जायला हवा. तीन रांगा एकावर एक. सगळ्यात खालच्या मीटरचा डिस्प्ले वाचायला कुणाला उकिडवं बसावं लागू नये आणि वरच्यासाठी स्टूल लागू नये. जमिनीपासून ७५ सेंटिमीटर ते १८० सेंटिमीटर एवढ्या पट्ट्यात सगळे डिस्प्ले राहिले की ते साधतं, म्हणून चौथी रांग नको. नऊ उभ्या ओळी गुणिले तीन, २७ खाने : २४ घरांचे आणि तीन रिकामे. ही झाली १.९८ मीटर रुंदी.

थ्री फेजचे सहा खाने वेगळे : लिफ्ट, पंप व सामाईक दिवे, चार्जिंग, सोलर आणि दोन राखीव. प्रत्येकी ३० बाय ५० सेंटिमीटर, दोन रांगांत तीन-तीन, ९० सेंटिमीटर. मुख्य स्विच आणि बसबारचा खण ४५ सेंटिमीटर. केबलसाठी मोकळा उभा खण ३० सेंटिमीटर. हा दुसरा भाग १.६५ मीटरचा. दोन्ही मिळून साडेतीन मीटरहून थोडं जास्त, म्हणजे बारा फूट. तुमच्या ठेकेदाराने ‘दुप्पट’ म्हटलं ते अंदाजाने म्हटलं असेल, पण हिशेब त्याच्याच बाजूने निघतो.

केबलच्या खणावर खजिनदार कात्री लावायला बघतील, म्हणून ते जरा जवळून सांगतो. खालून येणारी १५० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल साडेचार सेंटिमीटर जाड असते. तिला तिच्या जाडीच्या बारा पटींहून लहान वळण द्यायचं नाही, म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक त्रिज्या हवी. जागा नसली की वायरमन ती गुडघ्याने दाबून वाकवतो, लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) तिरका बसतो, बोल्ट पूर्ण कसला जात नाही. पहिल्या उन्हाळ्यात तोच सांधा तापतो, इन्सुलेशन तपकिरी होतं, आणि एखाद्या रात्री जळका वास येतो. पॅनेलच्या आगी पुष्कळदा अशा एका ढिल्या बोल्टपासून सुरू होतात. खण मोठा ठेवला म्हणजे पत्रा थोडा जास्त लागेल, इतकंच.

आता खोली. २५० व्होल्टच्या वरच्या स्विचबोर्डसमोर किमान एक मीटर मोकळी जागा हवी, हा विनियमांतला स्पष्ट आकडा आहे. मागे उघडे जोड असतील तर मागची जागा एक तर २० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा ७५ पेक्षा जास्त हवी. मधलं अंतर नको, कारण त्यात माणूस शिरतो आणि अडकतो. तुमचं पॅनेल भिंतीला लागून आणि पुढून उघडणारं ठेवा, मागचा प्रश्न मिटतो. दोन्ही भाग समोरासमोरच्या भिंतींवर लावले तर खोली हवी ३५ सेंटिमीटर पॅनेल, १.२ मीटर मोकळं आणि पुन्हा ३५ सेंटिमीटर, म्हणजे १.९ मीटर. लांबी २.४ मीटर. सव्वासहा बाय आठ फूट झाले. आर्किटेक्टच्या पाच फूट रुंदीत दोन्हीकडे पॅनेल लावली तर मध्ये ८२ सेंटिमीटर उरतात, म्हणजे नियमाखाली. एकाच भिंतीवर लावायचं तर सहा फुटांत बारा फूट मावणार नाहीत. दार बाहेर उघडणारं हवं. खोलीतून पाण्याचा पाइप जाऊ देऊ नका, वर कुणाचं बाथरूम नको, आणि जाळी लावलेल्या झडपा वर-खाली दोन्हीकडे ठेवा. उंदीर केबलच्या भोकातून आत येतात, तेव्हा ग्लँड प्लेटला (केबल जिथून पॅनेलमध्ये शिरतात त्या पत्र्याला) एकही रिकामं भोक सोडू नका.

आणि आता सांगलीची खरी अडचण : पाणी. तुमच्या पत्रात ती एका ओळीत आली आहे, पण माझ्या लेखी पहिला प्रश्न हाच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तुमच्या जागेवर छातीएवढं म्हणजे साधारण १.३ मीटर धरू. पार्किंगमध्ये नेहमीच्या उंचीवर पॅनेल लावलं तर खालची रांग तर बुडेलच, मधलीच्याही अंगाला पाणी लागेल.

पहिला पर्याय, पार्किंगमध्येच उंच ओटा. सगळ्यात खालचा डिस्प्ले १.८ मीटरच्या वर न्यायचा तर उभं राहायचा ओटा सव्वातीन-साडेतीन फूट उंच करावा लागतो. मग पावणेतीन मीटरच्या छतात डोक्याला जागा उरत नाही. तेवढ्या भागात छत उंच मिळालं तरच हे जमेल. दुसरा पर्याय, प्रत्येक मजल्यावर चार-चार मीटर. दिसायला सुटसुटीत, पण चढत्या मुख्य केबलवर प्रत्येक मजल्यावर जोड आणि सील येतात, आणि महावितरणच्या माणसाला सहा ठिकाणी जावं लागतं. तिसरा पर्याय, पहिल्या मजल्यावरच्या सामाईक लॉबीत मीटर रूम. दार लॉबीत उघडणारं, जिन्यात नव्हे, आणि कुणाच्या घरातून जावं लागणार नाही असं. यात पहिल्या मजल्याच्या विक्रीयोग्य जागेतले पन्नासेक चौरस फूट जातात. माझं मत तिसऱ्याच्या बाजूने आहे. महावितरणचे लोक ‘मीटर तळमजल्यावरच’ म्हणतील, कारण सील तपासणं आणि जोडणी तोडणं त्यांना तिथे सोपं जातं. २०१९ चे फोटो जोडून लेखी परवानगी मागा. नवे टीओडी मीटर (दिवसातल्या वेळेनुसार वापर नोंदवणारे) रीडिंग दुरून पाठवतात, त्यामुळे दरमहा यायचं कारणही कमी झालंय. मात्र ते मीटर मोबाइलसारखेच सिग्नलवर चालतात. चारही बाजूंनी लोखंडी पत्रा असला तर सिग्नल अडतो, तेव्हा दाराला पॉलिकार्बोनेटची मोठी खिडकी हवी.

मग १.७० मीटरच्या त्या मुख्य स्विचचं काय? तो तळमजल्यावरच हवा. पण नियम ‘याहून उंच नको’ म्हणतो, ‘जमिनीलगत हवा’ म्हणत नाही. पेटीचा तळ १.४ वर आणि हँडल १.६५ वर ठेवलं की २०१९ च्या पाण्याला ती टेकत नाही आणि नियमही मोडत नाही. फरक दहा सेंटिमीटरचाच आहे, कबूल. पण तेवढं पाणी येईपर्यंत महावितरणने फीडर बंद केलेला असतो, आणि भिजलंच तर एक स्विच बदलावा लागेल, चोवीस मीटर नव्हे. ती पेटी किमान आयपी ५५ दर्जाची घ्या (आयपी म्हणजे धूळ आणि पाणी अडवण्याची प्रत). आतल्या खोलीतल्या पॅनेलला आयपी ४२ पुरतं. आयपी ६५ चा आग्रह धरणारे भेटतील, पण बंद खोलीत घट्ट बंद पेटी म्हणजे आतली उष्णता आतच. पॅनेलच्या मानकात भोवतालचं तापमान दिवसभराच्या सरासरीने ३५ आणि जास्तीत जास्त ४० अंश धरलेलं असतं. तुमच्याकडचा एप्रिल त्या कडेवरच असतो.

सीलबद्दल एक गोष्ट लोक हमखास चुकवतात. पॅनेल संस्था बनवून घेते, मीटर महावितरण बसवतं आणि मीटरच्या आधीचं सगळं, म्हणजे बसबार, कटआउट (फ्यूज), मीटरचा खाना, सीलबंद होतं. सभासदाचा एमसीबी मात्र सीलच्या बाहेर हवा. नाहीतर रात्री दोनला एमसीबी पडल्यावर वैतागलेला माणूस सील तोडतो, आणि मग कलम १३८ खाली मीटरशी छेडछाड केल्याचं प्रकरण त्याच्या गळ्यात पडतं. प्रत्येक घराचा न्यूट्रल स्वतंत्र हवा. दोन घरांचा न्यूट्रल एकत्र जोडलेला चालत नाही, हे मीटरच्या विनियमांत आहे आणि नव्या मीटरला ते कळतंही. ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण घरातल्या बोर्डात बसवा, इथे नको. पॅनेलला दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात. चोवीस घरं आर, वाय, बी या तिन्ही फेजवर आठ-आठ वाटा. वाटताना एका ओळीतली घरं एकाच फेजवर आणू नका, मजले आलटून पालटून घ्या.

‘एमएसईबी अप्रूव्ड’ या शब्दांना भुलू नका. मंडळाचं विभाजन २००५ मध्येच झालं, त्यामुळे आज त्या नावाने कुणी काही मंजूर करत नाही. कोटेशनमध्ये मानक म्हणून फक्त आयएस ८६२३ लिहिलं असेल तर ते जुनं झालंय, आता आयएस/आयईसी ६१४३९ आहे. पॅनेलवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच्याकडून खान्यांच्या मापांसह समोरून आणि बाजूने काढलेलं चित्र, बसबारचं माप आणि धातू, तापमानवाढीच्या चाचणीचा कागद आणि सीलच्या जागा दाखवणारा नकाशा घ्या. बसबार ॲल्युमिनियमचा असेल तर चौरस मिलिमीटरला ०.८ ते १ अँपिअर हा ठोकताळा लावा. २५० अँपिअरसाठी ५० बाय ६ ची पट्टी रास्त आहे. २५ बाय ६ दाखवली तर दुसरा माणूस बघा. हाच नकाशा महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात दाखवून त्यावर सही-शिक्का घ्या, आणि मगच पत्रा कापायला सांगा. तोंडी ‘चालेल’वर जाऊ नका. बदली झाली की चालेल म्हणणारा साहेब जातो आणि पॅनेल तुमच्याकडे राहतं.

ज्यांची इमारत जुनीच आहे आणि फक्त पॅनेल बदलायचं आहे, त्यांनीही हाच क्रम ठेवावा. भिंतीची लांबी कमी पडली तर आधी राखीव खाने सोडा, मग सोलरचा खाना दुसऱ्या जागी न्या. समोरचा एक मीटर आणि केबलचा खण सोडू नका. मीटर जिन्यातच असतील आणि हलवणं खरंच अशक्य असेल तर निदान अग्निशामक विभागाला लेखी विचारून बंद, अग्निरोधक दाराचं कपाट करा, आणि तिथल्या सायकली, जुने पेपर नि गणपतीच्या मखराचे थर्माकोल आजच उचला.

इलेक्ट्रिक गाड्यांसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क २०२४ च्या ग्राहक-हक्क नियमांच्या दुरुस्तीने दिला आहे. त्याच दुरुस्तीने नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी केली. ही मुदत अर्ज पूर्ण असेल तेव्हापासून मोजतात. लायसेन्सधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट नसेल तर अर्ज पूर्ण धरत नाहीत. विनाकारण अडवलं तर आधी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, दोन्हींकडे जाता येतं. वकील लागत नाही.

राहिला खजिनदारांचा प्रश्न. मोठं पॅनेल आणि पहिल्या मजल्यावरची खोली यांचा जादा खर्च चोवीस घरांत वाटून एक आकडा काढा. २०१९ नंतर जुन्या इमारतीत मीटर, केबल आणि लिफ्टचं पॅनेल बदलायला संस्थेने किती दिले, ते जुन्या ताळेबंदात असेलच. दोन्ही आकडे एकाच कागदावर, दुसरं काही न लिहिता, सभेच्या टेबलावर ठेवा. आणि आर्किटेक्टशी याच आठवड्यात बोला. नकाशा महापालिकेत दाखल झाल्यावर खोली हलवायची म्हणजे सुधारित परवानगी घ्यावी लागते, आणि त्यात महिने जातात.